बँक बंद झाल्यावर

“चूक ताईची आहे! पगाराचं सगळं तीच बघते!”

वरच्या मजल्यावर, स्वयंपाकघराच्या खिडकीत उभ्या असलेल्या ताईच्या हातून कप निसटला... खाली, गाद्यांच्या कारखान्याच्या दारात, तिचा सख्खा धाकटा भाऊ पगार न मिळालेल्या कामगारांपुढे तिच्या नावाने खडे फोडत होता!

खरं तर यंदा पगाराला तिने हातही लावला नव्हता. वडील गेल्यापासून वर्षअखेरीचे पगार सुट्ट्यांच्या आत बँकेतून सोडणं हे तिचं व्रतच झालं होतं; त्यापायी तिचं लग्न राहिलं, सगळ्यांबरोबर सहलीला जाणं राहिलं, आणि घरात नाव काय पडलं, तर ‘खडूस’! यंदा भावाने फर्मान काढलं, “कॉम्प्युटर करेल सगळं. तुझी लुडबुड नको.” आणि पठ्ठ्याने त्यात नेहमीसारखी महिन्याची शेवटची तारीख टाकली. सुट्ट्यांत बँक बंद, पैसे नव्या वर्षातच निघतील, हे ती सांगायला गेली, तर भावजय फणकारली होती, “खुर्ची सोडवत नाही ना, ताई?”

ताई जिना उतरून दारात आली मात्र, शिलाईवाली तिच्या अंगावर धावून आली. “पोरांना काय तोंड दाखवू मी? सगळी सुट्टी नासवलीत तुम्ही!”

खरं काय ते ताईच्या ओठांवर आलं... पण मालकच खोटा बोलतो हे कळलं, तर सुट्टीनंतर निम्मी माणसं परत यायची नाहीत, आणि वडिलांनी रक्त आटवून उभं केलेलं सारं धुळीला मिळेल! तिने डोळे मिटले.

“हो... माझीच चूक.”

लोकांनी तिला वाटेल ते ऐकवलं. सगळ्यांत जुना कारागीर तेवढा गप्प होता.

वर येऊन तिने कारखान्याच्या किल्ल्यांचा जुडगा टेबलावर आपटला. सहलीच्या बॅगा भरत असलेली भावजय दचकली. मागोमाग भाऊ आला, तशी ताई त्याच्यावर उसळली.

“वडिलांचा कारखाना वाचवला मी, तुला नाही! उद्यापासून मी या घरात नाही.”

“ताई, अगं, तेवढ्यापुरतं बोललो...”

“तोंड बघायची इच्छा नाही तुझं!”

“चुकलो गं...”

“मला काय सांगतोस? दारात उभे आहेत ना लोक, त्यांना सांग!”

“अजिबात जायचं नाही हं,” भावजय कडाडली. “अब्रू जाईल!”

“आणि ताईची गेली ती?” एवढंच म्हणून त्याने कपाटातलं सहलीच्या पैशांचं पाकीट उचललं आणि तो खाली गेला.

ताई खिडकीशी गेली. भाऊ मान खाली घालून बोलत होता, “ताईने काही केलेलं नाही. तारीख मी चुकवली, वर खोटंही बोललो. आज यातून थोडी थोडी उचल घेऊन जा...”

“ठाऊक होतं, साहेब,” जुना कारागीर म्हणाला. “ताईंच्या हातून पगार चुकलाय कधी? तुम्ही कबूल करता की नाही, तेवढं बघायला थांबलो होतो.”

ताईच्या डोळ्यांना धारा लागल्या. भावाने वर पाहिलं. “ताई... खाली येतेस?”

“आधी लांब गावी जाणाऱ्यांना दे, मूर्खा!” ती हुंदका गिळत ओरडली. “त्यांची शेवटची गाडी सुटेल!”

आणि टेबलावरचा जुडगा उचलून ती जिना उतरू लागली.