मूकपटातली बाई काय म्हणाली

भुताला मी भीत नाही, पोरांनो. भूतच मला भितं. दिवा मात्र मालवू नका, बरं का. राहू दे आपला.

ही गोष्ट आमच्या चिकटूची. जुन्या सिनेमांची तुटकी रिळं चिकटवतो, म्हणून चिकटू. मागच्या मंगळवारी, रात्री पावणेआठला, त्याने दुकानाचं शटर ओढलं आणि एक मूकपट तपासायला लावला. रविवारी फिल्म क्लबला दाखवायचा होता. सोबतीला त्याची ताई. ती लहानपणी तापात बहिरी झाली, पण ओठ वाचते. माझ्या शिव्या तर रस्त्यापलीकडून वाचते!

पडद्यावर बंद खोली. नटी दार बडवतेय. मग अक्षरांची पाटी आली : 'प्रियकरा, कधी येशील?'

चिकटू खूश. "काय काम केलंय, ताई! डोळे बघ तिचे!"

ताई हसेना. "ती प्रियकराला नाही बोलवत, अरे. दार उघडा म्हणतेय. धूर होतोय म्हणतेय."

"कुठाय धूर? एकेक चित्र तपासून जोडलंय मी."

मग दिसला. दाराच्या फटीतून. एवढासा.

"थांबव रे ते!"

चिकटूचा हात बटणापर्यंत गेला... आणि तिथेच राहिला. मशीन जुनं. रीळ मध्येच थांबलं, की दिव्याच्या आचेने समोरचं चित्र जळतं. थांबवलं, तर ती जळणार. चालू ठेवलं, तर धूर वाढणार.

वाढला.

ताई धावली. पडद्यावर थापा मारू लागली. "अगं, खिडकी! मागे खिडकी आहे!"

नटी वळली. ताईकडे. जवळ आली. ओठ हलले...

रीळ संपलं.

नुसता पांढरा उजेड.

चिकटूने दिवा लावला. पडद्यावर पंजा उमटलेला. काजळीचा. ताईचे हात स्वच्छ. आणि पंजा उमटला होता पडद्याच्या मागून. मागे भिंत. मध्ये वीतभर जागा.

दुसऱ्या दिवशी मी गेलो, तेव्हाही होता. ताई त्याच्यासमोर स्टूल टाकून बसलेली. आता मला गंमत केल्याशिवाय अन्न पचतं का? म्हटलं, "ताई, मूकपटातले नट तोंडाला येईल ते बडबडायचे. ऐकतंय कोण!"

तिने माझे ओठ नीट वाचले.

"शेवटी तिनेही तेच विचारलं," ती म्हणाली. "ऐकतंय का कोणी?"