चढावरचा धक्का

पटलं तर घ्या, नाहीतर सोडून द्या. पण ही घटना माझ्या सख्ख्या चुलतभावाच्या, यतीनच्या घरी घडली आहे. मागच्या वर्षी, जूनमधल्या एका शनिवारी. अमेरिकेत, बेलव्ह्यूला. आणि वेळ दुपारी चारची. लख्ख ऊन होतं!

यतीनला जुन्या गाड्यांचं भारी वेड. एका म्हाताऱ्या गोऱ्याकडून त्याने १९०५ सालची इंग्लिश मोटारसायकल आणली होती. थर्लबी ब्रदर्स कंपनीची. कंपनी जेमतेम तीन वर्षं चालली. दोघे भाऊ. गाडीला क्लच नव्हता, म्हणून थोरला मागून धावत धक्का मारायचा आणि धाकटा चालवायचा. एका चढाच्या शर्यतीत थोरल्याने माथ्यापर्यंत ढकललं आणि हात सोडले. पलीकडच्या उतारावर धाकट्याला गाडी आवरलीच नाही.

तो जागीच गेला. आठवड्याभरात थोरल्याने कारखान्याला कुलूप लावलं.

हे सगळं यतीननेच जुने कागद चाळून शोधलं होतं.

नागपूरहून आलेले शशिकांतकाका, म्हणजे यतीनचे बाबा, गाडी बघून हरखून गेले. जन्मभर एसटीच्या वर्कशॉपमध्ये हात काळे केलेला माणूस तो! पण सहा महिन्यांपूर्वीच बायपास झाली होती.

"बाबा, फक्त बसायचं. स्टार्ट करायची नाही. प्रॉमिस?"

"अबे, मी काय लहान पोरगा आहे का?"

यतीनचा विश्वास नव्हताच. इंजिनाकडून चाकाकडे जाणारा चामडी पट्टा त्याने काढून घरात ठेवला. आता गाडी चालणं शक्यच नव्हतं.

बाबा ड्राइव्हवेवर गाडीवर बसले. यतीन फोटोसाठी फोन आणायला आत गेला. त्याची बायको आश्लेषा चहा टाकत होती.

आणि बाहेरून आवाज आला...

ठप... ठप... ठप...

जड बूट घालून कुणीतरी धावत होतं.

"शाब्बास बे यतीन! मार धक्का!"

यतीन तर घरात होता!

तो अनवाणीच बाहेर धावला.

गाडी घरासमोरच्या रस्त्याच्या चढावर जात होती. इंजिन बंद. पट्टा नाही. वर बाबा खिदळतायत. मागे कुणीच नव्हतं.

बुटांचा आवाज मात्र येत होता...

चढ संपला की तो रस्ता सरळ खाली तलावाकडे उतरतो. खाली सिग्नल, भरधाव गाड्या.

"बाबा, ब्रेक! ब्रेक मारा!"

पुढचं चाक माथा ओलांडून गेलं...

आणि गाडी थांबली.

अर्धी उतारावर. बाबांचे दोन्ही हात हवेत होते, ब्रेकला कुणी शिवलंही नव्हतं. यतीन पोचला तेव्हा त्याला धापा ऐकू आल्या. अगदी कानाजवळ... कसंबसं त्याने बाबांना खाली उतरवलं.

"तू मागून धरलीस म्हणून वाचलो रे," बाबा म्हणाले.

संध्याकाळी आश्लेषाने डोअरबेलच्या कॅमेऱ्याचं रेकॉर्डिंग लावलं. दिसत होते एकटे बाबा. ऐकू येत होते बूट.

"यतीन, हे डिलीट कर. प्लीज."

त्याने केलं. पुढच्याच आठवड्यात गाडी एका म्युझियमला देऊन टाकली. बाबाही नागपूरला परतले. सुटलो एकदाचे, असं यतीन-आश्लेषाला वाटलं.

पंधरा दिवसांनी बाबांचा फोन आला.

"अबे, गंमत ऐक. माझी स्कूटर हलतच नाही. इंजिन चालू, मागचं चाक गरगर फिरतंय, पण गाडी जागच्या जागी!"

"मेकॅनिकला दाखवा ना, बाबा."

"मी कोण आहे बे मग?" बाबा हसले. मग थांबले. "काल रिक्षात बसलो. ती पण हलली नाही. मी उतरलो, तर भुर्रकन गेली."

"आज म्हटलं, पायीच जावं देवळात. फाटकापर्यंत आलो..." बाबांचा आवाज एकदम बारीक झाला. "यतीन, मागून कुणीतरी शर्ट धरलाय रे. अजून सोडला नाहीये."

या गोष्टीला आठ महिने झाले. काका अजून फाटकाबाहेर गेलेले नाहीत. मी भेटायला जातो, समोर बसून गप्पा मारतो.

त्यांच्या पाठीमागे उभं राहायची मात्र माझी हिंमत होत नाही.