फ्रिजवरचा तक्ता

"दहापैकी किती?"

दिनकररावांनी हा प्रश्न विचारला तेव्हा पद्मजा ओट्याला टेकून, एका हातानं कंबर धरून, दुसऱ्या हातानं तव्यावर मीठ परतत होती... आणि ते मीठ तिच्याच कमरेला शेकायचं होतं! गरम झालं की फडक्यात बांधायचं, ती पुरचुंडी हात मागे वळवून स्वतःच पाठीला लावायची, निवली की उठून पुन्हा तव्यावर ठेवायची. शेकून झाल्यावर वीस मिनिटं स्वस्थ पडून राहा, असंही त्या उपायात होतं. पण शेक घेणारी, मीठ परतणारी आणि नंतर तवा घासणारी बाई एकच आहे, ही गोष्ट या घरात कुणाच्या ध्यानातच आली नव्हती.

"अगं, किती? तक्ता भरायचाय."

"सात लिहा."

"मागच्या रविवारी पण सातच! म्हणजे निर्गुडी फुकट गेली." दिनकरराव इतके खट्टू झाले की जणू पाठ त्यांचीच दुखत असावी.

चौतीस वर्षं केंद्र सरकारच्या मंत्रालयात फायली हलवून निवृत्त झालेला हा माणूस गाझियाबादच्या सातव्या मजल्यावरच्या या फ्लॅटमध्ये आता एकच फाइल चालवत होता, आणि ती म्हणजे बायकोची पाठ. फ्रिजवर लोहचुंबकानं लावलेल्या कागदावर रकाने आखलेले होते: प्रयोग क्रमांक, उपाय, दिवस, वेदना दहापैकी, शेरा. वर एका ओळीत, 'कारण: वय'. रोज सकाळी पार्कातल्या हास्यक्लबातून परतताना ते एक नवा उपाय घेऊन येत. इंग्रजी औषध म्हणजे रोग दाबून ठेवणं, निसर्गात सगळं आहे, हा त्यांचा सिद्धांत!

निसर्गात सगळं होतंच, फक्त ते करायला पद्मजा लागत होती. निर्गुडीचा पाला निवडून, उकळून, ती बादली उचलून न्हाणीघरात न्यायची तिनं. मेथीचे लाडू वळायचे तिनं, खायचे मात्र दिनकररावांनी. मऊ गादी पाठीला वाईट म्हणून तिच्या बाजूची गादी काढून लाकडी फळी टाकली गेली, आणि जानेवारीच्या थंडीत त्या फळीवरून उठताना तिला रोज पलंगाची कड दोन्ही हातांनी धरावी लागे. तीळतेल, सुंठ-एरंडेल, भुजंगासन, काटेरी चटई... अकरा प्रयोग झाले होते. अकरा! आणि पाठ का दुखते, हे अकरांपैकी एकाही वेळी कुणी तिला विचारलं नव्हतं.

तिला ते ठाऊक होतं. आतल्या खोलीत तिच्या सासूबाई, कुमुदताई, पडून होत्या. त्र्याऐंशी वर्षांच्या, हाडापेरानं थोराड. चौदा महिन्यांपूर्वी खुब्याचं हाड मोडलं, शस्त्रक्रिया झाली, पण पाय पुन्हा उभे राहिले नाहीत. पलंगावरून कमोडच्या खुर्चीवर, खुर्चीवरून पुन्हा पलंगावर, दिवसातून चार वेळा पद्मजा त्यांना काखेत हात घालून उचलायची. पहिल्याच महिन्यात तिनं भीत भीत विचारलं होतं, एखादी बाई ठेवायची का? दिनकरराव आईच्या खोलीत गेले, दहा मिनिटांनी बाहेर आले आणि म्हणाले, "आईला परक्या बाईचा हात चालत नाही." झालं, विषय संपला!

त्या दिवसापासून पद्मजाच्या मनात सासूबाईंविषयी एक कडू गाठ बसली होती. सुनेनं मरावं, पण परका हात नको... किती हा हट्ट! त्यात भर म्हणजे पाण्याचा पेला. दर दोन तासांनी ती भरून न्यायची आणि कुमुदताई एक घोट घेऊन तोंड फिरवायच्या. "नको. तहान नाही." भरलेला पेला परत आणताना पद्मजाचा जीव तळमळायचा. माझ्या हातचं पाणीसुद्धा गोड लागत नाही यांना? इतकं करून, रक्ताचं पाणी करून, हेच का माझ्या पदरात?

आणि बाहेर कौतुकाचे पूर! महाराष्ट्र मंडळाच्या हळदीकुंकवाला बायका म्हणत, "दिनकररावांच्या घरी आईचं सगळं सूनच करते हो, नाहीतर हल्ली कोण करतं!" दिनकररावांचा चेहरा अशा वेळी उजळून निघे. पद्मजाही हसायची. सोसायचं तर हसत सोसावं, एवढंच ती शिकली होती.

त्या रविवारी गुरुग्रामहून सृष्टी, त्यांची मुलगी, आली. हातात खोका होता.

"आई, मॅग्नेटिक बेल्ट! माझ्या ऑफिसात सगळे वापरतात यार. दिवसभर बांधून ठेवायचा, बस."

"प्रयोग क्रमांक बारा!" दिनकररावांनी लगेच पेन काढलं.

पद्मजाला त्या क्षणी मोठ्यानं ओरडावंसं वाटलं. पण आतून कुमुदताईंची हाक आली, अगदी क्षीण, आणि ती गेली. सासूबाईंच्या काखेत हात घातले, ओठ दाताखाली धरला, उचललं... आणि पाठीत काहीतरी असं अडकलं की तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली. खाली ठेवता येईना, वर घेता येईना! सासू-सून एकमेकींच्या गळ्यात पडल्यासारख्या तशाच अर्ध्या वाकलेल्या, आणि कुमुदताईंची मान हळूहळू तिच्या खांद्यावर लुळी पडत चालली.

"अहो!... अहो, धावा!"

सृष्टी धावली. तिनं कशीबशी आजीला पलंगावर टेकवलं, आईला शेजारच्या दिवाणावर आडवं केलं आणि चौथ्या मजल्यावरच्या डॉक्टर तनेजांना फोन लावला.

डॉक्टरांनी कुमुदताईंची नाडी पाहिली, कोरडी पडलेली जीभ पाहिली, मीठ-साखरेचं पाणी चमच्यानं पाजायला सांगितलं. दोन-चार चमच्यांनी त्यांनी डोळे उघडले.

"माताजी, आप दिनभर में पानी कितना पीती हैं?"

"सात-आठ घूंट, बस."

"इतना कम? क्यों?"

कुमुदताई डॉक्टरांकडे नाही, दिवाणावर पडलेल्या सुनेकडे बघत राहिल्या. मग मराठीतच बोलल्या.

"पाणी प्यायलं की उठावं लागतं... आणि मला उठायचं म्हणजे हिनं वाकायचं. रोज बघते ना मी, ओठ दाताखाली धरते ती. सहा वेळा उठायचे, ते चारवर आणलं. तीनवर आणायचं होतं गं पद्मजा... तुझ्यासाठी दुसरं काही करण्यासारखं माझ्या हातात राहिलंच नाही."

परत आणलेला एकेक पेला पद्मजाला आठवला आणि प्रत्येक वेळी मनात म्हटलेला एकेक कडू शब्द!

"आई..." ती म्हणाली, "मग बाई ठेवू म्हटलं तेव्हा नको का म्हणालात?"

"मी?" कुमुदताई चकित झाल्या. "मी कधी नको म्हटलं? तुलाच घरात परकी बाई वावरलेली चालत नाही ना? दिनूच म्हणाला मला."

दिनकरराव दारात उभे होते, हातातलं पेन उघडंच होतं.

"अहो," पद्मजा हळू म्हणाली, "तुम्ही त्या दिवशी आईंना विचारलं होतंत?"

"नाही." त्यांची मान खाली गेली. "कुणालाच विचारलं नाही. मंडळात सगळे म्हणायचे, घरचीच माणसं करतात... मला ते बरं वाटायचं. बाई ठेवली असती तर..."

"तर कौतुक गेलं असतं!" चौदा महिने दाबून ठेवलेलं सगळं पद्मजाच्या तोंडून फुटलं. "अकरा प्रयोग केलेत माझ्यावर! पाला, चटई, फळी... फळीवर झोपवलंत मला! एक दिवस, फक्त एक दिवस तुम्ही स्वतःच्या आईला उचललं असतं ना, तर तक्ता आखावा लागला नसता! या तिकडे तहानेनं मरत होत्या आणि मी त्यांना शिव्या देत होते हो मनातल्या मनात..." ती हमसून हमसून रडू लागली. दर हुंदक्याला पाठीतून कळ जात होती, तरी रडत होती.

"मी पण बेल्टच घेऊन आले," सृष्टी पुटपुटली. "सॉरी, आई."

डॉक्टर तनेजा अवघडून उठले. पद्मजाचा एक्स-रे काढायचा, मग फिजिओथेरपी. "और वज़न उठाना बिल्कुल बंद."

ते गेल्यावर सृष्टी उद्यापासून बाई मिळते का, हे फोनवर विचारू लागली. आणि कुमुदताई संकोचून म्हणाल्या, "मला... खुर्चीवर जायचं होतं. मघाशी राहिलं."

दिनकरराव पुढे झाले. जन्मात पहिल्यांदा.

"आधी त्यांना सांगा, मग उचला," पद्मजा पडल्या पडल्या म्हणाली. "पाठ नका वाकवू, गुडघे वाकवा."

त्यांनी आईला उचललं, खुर्चीवर बसवलं, थोड्या वेळानं परत पलंगावर आणलं. एवढ्यानं त्यांचं कपाळ जानेवारीत घामानं भिजलं. ते बायकोपाशी येऊन जमिनीवरच बसले.

"आज किती आहे?" त्यांनी विचारलं. आता हातात पेन नव्हतं.

"नऊ." पद्मजानं डोळे पुसले. "रोज नऊच असायचं. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून सात सांगत होते."

दिनकररावांनी तिचा हात दोन्ही हातांत घेतला आणि त्यावर कपाळ टेकलं.

सृष्टीनं आजीपुढे पेला धरला. कुमुदताईंनी सवयीनं आधी सुनेकडे पाहिलं.

"प्या, आई," पद्मजा म्हणाली. "सगळं प्या."

आणि कुमुदताई प्यायल्या, घटाघटा, मध्ये श्वाससुद्धा न घेता, हनुवटीवरून ओघळ आले तरी न थांबता. रिकामा पेला त्यांनी मुलाकडे केला.

"दिनू, अजून एक आण."

दिनकरराव कमरेवर हात ठेवून उठले आणि पाणी आणायला गेले.