जिकडे नाक, तिकडे झेंडा

विमानातून औषध फवारायच्या कामात झेंडेवाल्याला कुणी विचारत नाही, पण त्याच्यावाचून पान हलत नाही. तो शेताच्या टोकाला झेंडा धरून उभा राहतो, वैमानिक तो झेंडा विमानाच्या नाकासमोर ठेवून अगदी खालून उडत येतो, आणि विमान डोक्यावर यायच्या आत झेंडेवाला बाजूला सरकतो. मग पुढचा पट्टा. थोरला विमान उडवायचा, त्याचा धाकटा भाऊ बारक्या झेंडा धरायचा. "सरकायला विसरलास तर तुझी वहिनी मला घरात घेणार नाही," असं थोरला रोज बजावायचा.

त्या सकाळी तिसऱ्या फेरीला बारक्या सरकलाच नाही. पुढच्या फेरीला तर तो टोक सोडून पिकात, चांगला आत येऊन उभा होता. निळा शर्ट, हातात पिवळा झेंडा. थोरल्याने रेडिओवर शिवी हासडली.

"दादा, मी इकडे औषधाच्या टाकीपाशी आहे," बारक्या म्हणाला. "पंप गळतोय. झेंडा बांधावर रोवून आलोय."

टाकी पार मागे, शेडजवळ होती. झेंडा समोर हलत होता.

"थट्टा पुरे," थोरला म्हणाला, आणि त्याच क्षणी इंजिन दोनदा खोकून बंद पडलं.

विमान हलकं करायला त्याने खटका ओढून उरलेलं औषध खाली सोडलं. इंजिन पुन्हा चालू होईना. समोर विजेच्या तारा, उजवीकडे झाडं. डावीकडे कापणी झालेलं मोकळं शेत, जीव वाचवायची तेवढीच जागा. तो डावीकडे वळला.

तिथे निळा शर्ट उभा होता.

भावावर विमान घालण्यापेक्षा झाडांत मेलेलं बरं. त्याने नाक उजवीकडे फिरवलं. झाडांपुढेही निळा शर्ट. जिकडे नाक, तिकडे झेंडा.

"बारक्या, सरक! हात जोडतो रे, सरक!"

"दादा, मी तिथे नाहीये! देवाशपथ नाहीये! उतर तू!"

डोळे एक सांगत होते, कान दुसरं. थोरल्याने कानांवर भरवसा ठेवला आणि पुन्हा डावीकडे घेतलं. चेहरा स्पष्ट दिसला. बारक्याचाच.

चाक काहीतरी मऊ चिरडून पुढे गेलं.

विमान थांबलं तसा तो त्यातून खाली कोसळला आणि रांगत मागे गेला. ओला चिखल, आडवी झालेली धसकटं. कुणीही नव्हतं.

"दादा!"

शेडकडून बारक्या धावत आला. धडधाकट. थोरल्याने त्याला घट्ट मिठी मारली आणि लहान मुलासारखा हमसून हमसून रडला.

"अरे, मी आहे ना," बारक्या म्हणाला. मग थांबला. "फक्त मघापासून श्वास पुरत नाहीये. इथे बघ ना जरा."

थोरल्याने त्याच्या शर्टाची बटणं काढली. शर्ट कोरडा होता, इस्त्रीची घडीही मोडली नव्हती. आत छातीवर, या खांद्यापासून त्या बरगडीपर्यंत, टायरची नक्षी चिखलात उमटली होती.

"काय आहे रे दादा?"

"काही नाही," थोरला म्हणाला, आणि बाहीने पुसत राहिला. पुसलं की ती पुन्हा उमटत होती, दर वेळी थोडी खोल.