वाव्रांच्या बाटल्या

ओलोमोउत्स शहराची बस वळणावर कलंडली आणि माझ्या पिशवीतल्या बाटलीचं झाकण फट्कन उडालं. फेस थेट समोर उभ्या असलेल्या माणसाच्या पांढऱ्या शर्टावर!

"अगं बाई… माफ करा हं, खरंच—"

मी रुमाल शोधत होते. त्यानं मात्र बाहीवरचा फेस बोटानं टिपला आणि चक्क चाखला.

"घरची बिअर?"

"बाबांची. मावशीकडे नेत होते."

"मावशीशी भांडण आहे का?"

मला हसूही आलं आणि रागही. "आंबट आहे, माहीत आहे मला."

"बिअर झकास आहे हो. बाटलीत भरताना काहीतरी शिरलंय." मग जरा लाजून म्हणाला, "मी रादिम. डेअरीत दूध तपासतो. दिवसभर जंतूंशीच गाठ…"

"मी ल्यूबा."

पुढच्या चार थांब्यांत मी त्याला सगळं सांगून टाकलं. पाच आठवड्यांनी बाबांची साठी. वाढदिवसाला सगळी गल्ली त्यांचीच बिअर पिते. गेल्या हिवाळ्यातल्या आजारपणात त्यांच्या जिभेची चव गेली आणि तेव्हापासून दोनदा बिअर केली, दोन्ही वेळा आंबली, पण त्यांना ते सांगायचं कुणी? मला तर धीरच होत नव्हता.

"पुढच्या बाटल्या कधी भरणार?"

"येत्या शनिवारी."

"मी… येऊ?" नजर खिडकीबाहेर, पण कान लालभडक.

शनिवारी बाबा तळघराच्या दारातच उभे राहिले. "दूधवाला मला बिअर शिकवणार?"

"छे हो, वाव्रासाहेब! मी नुसता भांडी घासायला आलोय."

बाबांच्या मिशा जराशा हलल्या. म्हणजे परवानगी!

रादिमनं आधी धान्य भरडायची चक्की वर नेऊन ठेवली. तिची धूळ बाटल्यांत उतरते म्हणे. मग बिअर काढायची जुनी नळी त्यानं सुरीनं उभी चिरली. आत तपकिरी, बुळबुळीत थर. बाबांनी ते तुकडे हातात घेतले.

"बावीस वर्षं वापरतोय मी ती."

"मग आता निवृत्त करू या तिला," रादिम हळूच म्हणाला आणि पिशवीतून नवी नळी काढली.

बाटल्या सोड्याच्या गरम पाण्यात बुडाल्या. एकेक घासायची, उजेडात धरून बघायची. झाकणांचे रबर काढले तर खाली काळी रेघ! तेही घासले. शेवटी जंतुनाशकाचं पाणी फिरवून बाटल्या पालथ्या घातल्या. मी सवयीनं एक पुसायला फडकं उचललं, तर त्यानं माझं मनगट धरलं.

"नको… निथळू दे. फडक्यानं पुन्हा जंतू लागतील."

हात मात्र सुटला नाही.

"आणि माझा हात?"

"तो… धुतलाय ना?"

"दोनदा."

त्यानं चटका बसल्यासारखा हात सोडला. मी उगाच बाटल्या मोजू लागले.

तेवढ्यात बाबांनी बिअर ओढायला नव्या नळीचं टोक ओठांना लावलं.

"बाबा, तोंड नको!"

ते थबकले. "का? आयुष्यभर असंच काढतोय."

"तोंडातले जंतू बिअरमध्ये जातात, म्हणून…" मी बोलून गेले.

"म्हणजे माझी बिअर…" त्यांनी माझ्याकडे पाहिलं. "ल्यूबिन्का, आंबली होती का?"

आता कसली लपवालपवी! "दोन्ही वेळा, बाबा. तुम्हाला वाईट वाटेल म्हणून बोलले नाही."

बाबा खोक्यावर बसले.

"पण शेजारी तर 'वा वा' म्हणत होते!"

"ते… कुंड्यांत ओतत होते."

बाबांनी डोळे विस्फारले. मग खांदे हलले आणि ते खो खो हसत सुटले. "तरीच यंदा शेजारच्या ह्लावाचकीणबाईंच्या फुलांना एवढा बहर!" डोळे पुसत ते उठले. "अहो दूधवाले, तोंड न लावता कशी काढायची, दाखवा बघू."

रादिमनं उकळून गार केलेलं पाणी नळीत भरलं, एक टोक पिंपात बुडवून दुसरं खाली सोडलं आणि त्या पाण्यामागोमाग बिअर उतरू लागली. चौतीसच्या चौतीस बाटल्या बाबांनी स्वतःच्या हातानं भरल्या.

साठीच्या दिवशी अक्रोडाखाली सगळी गल्ली जमली होती. ह्लावाचकीणबाईंनी भीत भीत घोट घेतला… थांबल्या… आणि ग्लास रिकामा करून पुन्हा पुढे केला. बाबांना चव कळत नव्हती. ते एकेक चेहरा बघत होते. कुणीच कुंडीकडे वळत नाही असं पाहिलं, आणि त्यांनी हळूच टोपी काढून मांडीवर ठेवली.

मी आणि रादिम कुंपणापाशी उभे होतो.

"झालं," तो म्हणाला. "आता मला यायला काही निमित्त नाही… अहो, तुम्ही हसताय काय?"

आमच्याकडे, चेक लोकांत, अहो-जाहो सोडायचं तर आधी बाईनं म्हणायचं असतं. ग्लास भिडवायचे आणि गालावर ओठ टेकायचे. मी ग्लास उचलला.

"तू," मी म्हणाले.

"तू… काय?"

"काही नाही. नुसतं तू."

त्याला उमगायला क्षणभर लागला. मग ग्लास किणकिणले.

"तू," तो म्हणाला. अगदी हळू. आणि पुन्हा एकदा, "तू…"

गाल मात्र तसाच राहिला. त्याला नेमकं ठाऊक होतं, ओठ कुठे टेकायचे ते.