पाण्याखालचा तवा

मार्चचा मध्य उलटायच्या आत बर्फावरची खोपटी उचलून न्यायची, हा आमच्या तलावाचा नियम. खोपटं म्हणजे मासे धरायला बसायचं लाकडी खोकं. आत छोटी शेगडी, दोन खुर्च्या, बर्फात गिरमिटाने पाडलेलं भोक, आणि त्या भोकाकडे बघत दिवसभर गप्प बसलेला नवरा. माझा नेस्तर त्या बसण्याला सुख म्हणायचा. मी आळस म्हणायचे. त्या वर्षी बाकी सगळ्यांची खोपटी उचलून झाली, आमचं एकटं उरलं, तेव्हा कुठे स्वारी हलली.

"आज ऊन चांगलं आहे, स्टेफ्का. तूही चल," तो म्हणाला.

"मी कशाला? मासे मला बघून पळतात म्हणतोस ना?"

"आज मासे नाहीत धरायचे. आज ढकलायचं आहे."

म्हणून गेले. बसा, दिवा जरा जवळ ओढा. आता सांगते ते नीट ऐका.

नेस्तर खोपटं दरवर्षी एकाच जागी ठेवायचा, आपल्या आईच्या अंगणावर. धरण बांधलं तेव्हा नदीचं सगळं खोरं पाण्याखाली गेलं, त्यात यांचं घरही गेलं. घर आधीच पाडून, लाकूडफाटा काढून नेला होता. पण टेकडीवरच्या चर्चचा घुमट आणि समोरच्या कड्यातली खाच यांची रेघ धरली, की नेस्तर बर्फावर पाय आपटून सांगायचा, "इथे विहीर. इथे पॉपलरची झाडं. आणि इथे आईचा तवा."

तव्याची गोष्ट आमच्याकडे घरोघरी होती. नांगराचा झिजलेला लोखंडी तवा, म्हणजे माती कापणारी गोल थाळी, दाराशी खांबाला टांगायचा. हिमाचं वादळ सुटलं, की शेतावरची माणसं आपल्याच अंगणात वाट चुकून गोठायची. मग घरातली बाई हातोडी घेऊन तवा बडवत राहायची, आवाजाच्या रोखाने माणूस घरी यायचा. माझ्या सासूबाईंनी, दोकियाबाईंनी, त्यात स्वतःची भर घातली होती. घरातल्या प्रत्येकाची हाक वेगळी. सासऱ्यांना दोन लांब ठोके. नेस्तरला एक लांब, दोन आखूड. आणि समोरून "आलो" असं ऐकू येईपर्यंत हात थांबवायचा नाही. "आलो" आलं, की हातोडी खाली, पळी हातात, बीटचं सूप वाडग्यात. पुढे पुढे वादळ नसलं तरी जेवायला बोलवायची तीच रीत झाली. नेस्तरला भूक मुळीच धरवत नसे. लहानपणी हाक यायच्या आतच घरात येऊन टेबलावर चमचा आपटत बसायचा. म्हातारपणीही आपटायचा, माझ्याकडे बघत.

घर सोडताना सगळं काढलं, पण तवा सासूबाईंनी काढू दिला नाही. कुणी परत आलं तर त्याला घर कसं सापडेल, म्हणाल्या. मी लग्न होऊन आले तेव्हा जुन्या घरावर पाणी आलेलं होतं आणि सासूबाई गावातल्या भाड्याच्या घरात राहत होत्या. नवी नवरी, मला आपलं व्हायची हौस. एकदा विचारलं, "आई, माझी हाक कोणती?"

त्यांनी मला नखशिखान्त न्याहाळलं. "तुला हाक कशाला, पोरी? तू हरवणार कशी? तुझं तोंड चालू असतं. आंधळ्यालाही कळेल तू कुठे आहेस ते."

सगळे हसले. मीही हसले. पण मनाला लागलं ते लागलं. त्या गेल्या तरी मला हाक काही मिळाली नाही.

तर त्या दिवशी. खोपटं बर्फातून सोडवून घसरपट्ट्यांवर चढवलं, पिकअपला बांधलं आणि निघालो. बर्फावर आमची वाट आखलेली असते. नाताळ झाला, की गावातले लोक घरातली सजवलेली झाडं आणून ओळीने बर्फात रोवतात. कशावर चमकी राहिलेली, कशावर एखादा लाल काचगोळा. एक झाड मागे गेलं की पुढचं दिसतं.

काठ जवळ येता येता वारा उठला. आभाळ निळंच होतं, पण बर्फावरचं भुरभुरीत हिम सगळं उठून उभं राहिलं. आधी पुढचं झाड गेलं, मग गाडीचं नाक गेलं. दुपारची वेळ, आणि काचेबाहेर नुसता पांढरा अंधार. थंड लोखंडाचा असतो तसा वास गाडीत शिरला.

"पुढचं झाड कुठे आहे बघून येतो," नेस्तर म्हणाला.

"गाडी सोडायची नाही. तूच सांगतोस सगळ्यांना."

"अगं, चार पावलांवर असेल."

तो उतरला आणि दार लावायच्या आत पुसला गेला. मी भोंगा वाजवला. थांबले. पुन्हा वाजवला. वाऱ्याखेरीज काही नाही. हात भोंग्यावर दाबूनच धरला, मग वाटलं, आपल्या आवाजात त्याचा आवाज बुडत असेल, म्हणून सोडला. माझ्या सगळ्या आयुष्यात मी इतकी गप्प कधी बसले नव्हते.

आणि तेव्हा ऐकलं.

बर्फ बोलतो, ते आम्हाला सवयीचं आहे. थंडीत तो कण्हतो, तडकतो, या काठापासून त्या काठापर्यंत गुरगुरत जातो. हा आवाज तो नव्हता. हा लोखंडाचा होता. खालून येत होता, तळपायातून. एक लांब... दोन आखूड. एक लांब... दोन आखूड. आणि येत होता मागून, जुन्या घराकडून.

मला काय वाटलं ते सरळ सांगते. वाटलं, म्हातारी आपला मुलगा न्यायला आली. भीतीपेक्षा राग जास्त आला. गाडी ओढायचा दोर काढला, एक टोक पिकअपला बांधलं, दुसरं कमरेला, आणि आवाजाच्या रोखाने निघाले. डोळे उघडले तरी पांढरं, मिटले तरी पांढरं. दोर ताणला गेला, आता पुढे जाता येईना, तेवढ्यात हात कशाला तरी लागला. नेस्तरचा कोट. गाडीच्या शेजारून तो मागे निघून गेला होता आणि त्याला कळलंही नव्हतं. टोपी हातात धरून उभा होता. म्हाताऱ्या चेहऱ्यावर लहान मुलाचं हसू.

"आई बोलावतेय..." तो म्हणाला. "जेवायला..."

"ऐकलं मी."

"तुलाही ऐकू येतंय?" त्याला केवढा आनंद झाला! मग त्याने छाती भरून श्वास घेतला. उत्तर द्यायला.

मी हातमोज्यासकट त्याच्या तोंडावर हात दाबला. आणि बर्फाकडे वाकून, माझा जो काही प्रसिद्ध आवाज आहे त्या आवाजात ओरडले, "येईल तो! येईल म्हटलं ना! पण आत्ता नाही, आई! माझं अजून व्हायचंय त्याच्याबरोबर!"

ठोका पडायचा थांबला. एक आखूड ठोका राहूनच गेला.

दोर धरून आम्ही गाडीत परतलो. एकमेकांचे हात चोळत, थर्मासमधला गार झालेला चहा एकाच झाकणातून पीत वारा पडेपर्यंत बसलो. मी त्याला शिव्या घातल्या आणि मध्येच रडले. त्याने माझे डोळे आपल्या बाहीने पुसले, "रडू नकोस, पापण्या गोठतील," म्हणाला.

वारा पडला तेव्हा ऊन कलतीला लागलं होतं. पुढचं झाड खरंच चार पावलांवर होतं. ते काळ्या पाण्यात आडवं तरंगत होतं, चमकीसकट. धरणातून हिवाळाभर वीज करायला पाणी सोडतात, तलाव खाली उतरतो, आणि काठाजवळचा बर्फ पोकळ लोंबत राहतो. आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण झाडं रोवली की ती वाट झाली, असं आम्ही धरून चालतो. झाडं नाताळ झाल्यावर रोवलेली, आणि आता मार्च.

"झाड दिसलं होतं गं मला," नेस्तर हळूच म्हणाला. "हात लांबवला होता मी. तेवढ्यात मागून आई..."

मी गाडीचं दार उघडलं. बर्फावर उतरले, जुन्या घराच्या दिशेने तोंड केलं आणि सासूबाईंची मनापासून माफी मागितली. मग लांबचा वळसा घेऊन खडकाळ काठाने वर आलो.

त्यानंतर नेस्तर मला पुष्कळ वर्षं मिळाला. मी मागितला होता, त्यांनी दिला. गेल्या शरदात तो अंथरुणाला खिळला. एका दुपारी मी चुलीपाशी होते, वारा नव्हता, तलाव अजून गोठलाही नव्हता. आतून त्याचा आवाज आला. स्पष्ट, खुशीतला. "आलो!"

मी धावत गेले. मला काहीच ऐकू आलं नव्हतं. या वेळी हाक फक्त त्यालाच होती.

या मार्चमध्ये शेजारच्या लॉर्नला खोपटं देऊन टाकलं. तो ते न्यायला आला तेव्हा मीही गेले, काठावर उभी राहिले. निळं आभाळ, गवताचं पातंही हलत नव्हतं. आणि बर्फाखालून तवा वाजला. सासऱ्यांची हाक नव्हे, नेस्तरची नव्हे. आखूड, आखूड, आखूड, न थांबता, धापा टाकत बडबडल्यासारखी. अशी हाक त्या घरात कुणाचीच नव्हती. मी ऐकत राहिले आणि मला हसू फुटलं. इतकी अखंड हाक म्हातारीने कुणासाठी राखून ठेवली असेल, हे सांगायला ज्योतिषी नको.

लॉर्नला विचारलं. तो म्हणाला, बर्फ तडकत असेल.

आता ती इथेही ऐकू येते, तलावापासून इतक्या दूर, माझ्या स्वयंपाकघरात. रोज, दिवे लागायच्या सुमाराला. भीती वाटते का म्हणाल, तर वाटते. आणि बरंही वाटतं, खोटं कशाला बोलू? पण मी अजून उत्तर दिलेलं नाही. म्हणून म्हणते, माझ्या घरात बसलात तर एवढं सांभाळा. कुणीही हाक मारली तरी "आले" हा शब्द माझ्या तोंडून काढून घेऊ नका. सूप वाढते मी तुम्हाला, वाडगा पुढे करा.

म्हातारी थकायची नाही, ते मला ठाऊक आहे. ती वाट बघेल. पण कालपासून तव्याच्या दोन ठोक्यांच्या मध्ये आणखी एक बारीक आवाज यायला लागलाय. टेबलावर चमचा आपटल्याचा.

नेस्तरला भूक मुळीच धरवत नाही हो.