आर. के. पुरममधली भरती

चूक भाऊसाहेबांची होती. आधीच सांगतो, म्हणजे शेवटी कोणी ‘बिचारे काका’ म्हणायला नको. माझा दोस्त श्रीरंग, त्याचे हे वडील. इथं दिल्लीत केंद्राच्या मंत्रालयात मोठा हुद्दा, गणेश मंडळाचे अध्यक्ष, आणि मी दिसलो की, “कॉलेज सोडलेल्यांनी सल्ले देऊ नयेत.”

लाइट येईपर्यंत ऐका. ए मल्हारी, मोबाइलचा टॉर्च बंद कर.

श्रीरंगची आई, कुमुदकाकू, राजपुरीची. घरासमोर खाडी, खाडीत जंजिरा. सिद्दीची अख्खी राजधानी आमच्या ओट्यावरून दिसायची, म्हणायची. लग्न होऊन दिल्लीत आली ती अडकलीच. सरकार फिरायला पैसे देतं ना, एलटीसी, त्यावर काश्मीर झालं, अंदमान झालं. राजपुरी? “पुढच्या वेळी बघू.” दुखणं वाढलं तेव्हा तिनं एकच मागितलं. “माझ्या अस्थी खाडीत सोडा, किल्ल्यासमोर.”

ती गेल्यावर भाऊसाहेबांनी त्या दिल्लीजवळ, गंगेवर गढमुक्तेश्वरला नेल्या. गाडीनं गेले, संध्याकाळी घरी. श्रीरंग भांडला तर म्हणाले, “गंगेहून तुझी खाडी मोठी लागून गेली का?”

आणि निवृत्तीआधीची शेवटची एलटीसी म्हणून या माणसानं सहल कुठली आखावी? जंजिरा! ऑफिसातल्या अण्णासाहेबांना सोबत घेऊन. जिवंतपणी नेलं नाही, मेल्यावर नेलं नाही, आणि आता स्वतः निघाले फोटो काढायला. लाज नाही यार.

डिसेंबरातली अमावस्या, शनिवार. जेवणं झालेली. बाहेर धुकं. भाऊसाहेब हॉलमध्ये स्पीकर लावून अण्णासाहेबांशी बोलत होते. अलिबागला मुक्काम, काशीदला पोहणं, मग शिडाची होडी.

मध्येच श्रीरंगला म्हणाले, “आईची निळी सूटकेस काढ रे. चाकांची आहे, बरी पडेल.”

श्रीरंग उठला. आईच्या खोलीचं दार उघडलं. बटण दाबलं. दिवा लागला नाही.

फरशी ओली होती. मोजे भिजले. तिसऱ्या मजल्यावर... आणि वास. सुक्या मासळीचा, शेवाळाचा. तो पलंगाखाली वाकला. पाणी घोट्यापर्यंत आलं. गार. मागे सरलं. परत आलं.

लाटेसारखं.

हॉलमध्ये अण्णासाहेब स्पीकरवर हसत होते. “उतरताना जपा हं भाऊसाहेब, होडी फार हलते म्हणे...” मग थांबले. “तुमच्याकडे पाहुणे आलेत का?”

“छे. का?”

“बाई बोलतेय कुणी.”

“टीव्हीसुद्धा बंद आहे अण्णासाहेब.”

“नाही हो... अगदी फोनजवळ. म्हणतेय...”

“काय?”

“म्हणतेय, मला इथे नाही उतरायचं.”

भाऊसाहेबांनी फोन ठेवला.

श्रीरंग दारात आला. पँट गुडघ्यापर्यंत ओली. “बाबा.”

भाऊसाहेब फोनकडेच बघत होते.

“बाबा, आत जा. तिची माफी मागा. एकदाच.”

भाऊसाहेबांनी त्याच्या पँटकडे पाहिलं. उंबऱ्यापर्यंत आलेल्या पाण्याकडे पाहिलं. तोंडाचा रंग उडालेला. पण साहेब ना शेवटी!

“लीकेज असेल,” म्हणाले. “सोमवारी कंप्लेंट टाकू.”

आत पाणी एकदा आपटलं. मग काही नाही. काहीच नाही.

सोमवारी प्लंबर आला. नळ ठीक, भिंती कोरड्या. फक्त त्या लोखंडी पलंगाच्या पायांना कालवं चिकटलेली. शिंपल्यातली, समुद्रातल्या खडकाला धरतात तशी. मी स्वतः बोट लावून बघितलंय, कापलं. प्लंबरनं छिन्नी मारली, निघाली नाहीत. अजून आहेत.

भाऊसाहेब जंजिऱ्याला गेले नाहीत. श्रीरंग त्याच रात्री घर सोडून गेला. त्यानंतर आजपर्यंत त्यांनी पोराचा आवाज ऐकलेला नाही.